दुखण्याचे दोन भाव

"काकू, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. आता तुमचं किती?" माया सिस्टरने विचारलं.

"शून्य!" हेमाताई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना पोटात अशी कळ आली की त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.

कालच त्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं. डोंबिवलीतल्या त्या छोट्या हॉस्पिटलात शून्य दुखत असेलच तर ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना. पण हेमाताईंना काहीही करून उद्या ठाकुर्लीला आपल्या घरी जायचं होतं, कारण घर सांभाळायला ठाण्याहून त्यांची नणंद आली होती. देवयानीताई मायाळू होत्या, कामाला वाघ होत्या, फक्त दुसऱ्याचं स्वयंपाकघर दिसलं की ते नव्याने लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मागच्या खेपेला त्या परत गेल्यावर हेमाताईंना हिंगाची डबी थेट कपड्यांच्या कपाटात सापडली होती. दुखतंय म्हणून सांगितलं तर इथला मुक्काम वाढेल आणि तिकडे डबे हलतील, या धास्तीने बाईंचा जीव अर्धा झाला होता.

"मग सलाइनमधून दुखण्याचं औषध नको?"

"छे गं, कशाला उगाच!"

माया त्यांच्या कपाळावरच्या घामाकडे बघत बाहेर गेली.

संध्याकाळी हेमाताईंचे यजमान श्रीपादराव आणि देवयानीताई शहाळं घेऊन हजर झाले.

"दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे काय गं, मुंगी चावल्यासारखं," देवयानीताई बसता बसता म्हणाल्या. "माझं पोट कापून केलेलं. आठवड्याच्या आत मी उकडीचे मोदक केलेले!"

श्रीपादरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे हिला सोमवारपासून माझा डबा जमेल?"

इथे शून्य परवडायचं नाही, हे हेमाताईंनी ओळखलं. घरी गेल्यावर थोडा आराम हवा तर या दोघांना वेगळा भाव सांगायला हवा. "आई गं!" त्या कण्हल्या. "नऊ आहे हो, दहापैकी नऊ! कपबशीसुद्धा उचलायची नाही म्हणाल्या सिस्टर."

"कोण म्हणालं?" दारातून माया आत आली. "बरं झालं काका, तुम्ही आहात. काकूंना जरा चालवायचंय. काकू, आता किती दुखतंय?"

हेमाताईंनी एकदा मायाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"साडेचार," त्या चाचरत म्हणाल्या.

"अगं, आत्ता नऊ होतं ना?" श्रीपादराव दचकले.

"नऊ? मला सकाळपासून शून्य सांगतायत!"

"बघ, मी म्हटलं नव्हतं? मुंगी!" देवयानीताईंनी हात झटकले.

माया मात्र हसली नाही. "काकू, जरा खोकून दाखवा."

हेमाताईंनी अगदी हळूच "खुं" केलं.

"हा खोकला नाही, काकू. जरा जोरात."

वातावरण फारच तापलंय असं वाटून श्रीपादरावांनी विषय बदलला. विषय बदलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. "तू घरची काळजीच करू नकोस. ताईने सगळं चकाचक केलंय. तुझा तो काळाकुट्ट तवासुद्धा तारेच्या घासणीने घासून आरशासारखा केलाय!"

"बिडाचा तवा?" हेमाताई ताडकन उठून बसल्या आणि त्याच क्षणी अशा ओरडल्या की शेजारच्या खोलीतले पेशंटही उठून बसले.

"किती वर्षांचा मळ होता त्याच्यावर!" देवयानीताई म्हणाल्या.

"तो मळ नव्हता हो, ताई! तेल मुरून बसलेला थर होता, म्हणून तर काही चिकटत नसे!" हेमाताईंचा श्वास अडकला, डोळ्यांत पाणी आलं. मायाने पटकन त्यांच्या पोटाशी उशी धरली आणि मनगट हातात घेतलं.

"काकू, आता खरं सांगा. किती?"

"आठ."

"त्यातले तव्याचे किती?"

हेमाताईंनी बोटांवर हिशेब केला. "दोन."

"मग पोटाचे सहा. तेवढे सकाळीच सांगायचे ना! दुखतं म्हणून तुम्ही खोकत नाही, मोठा श्वास घेत नाही, चालत नाही. न चालणाऱ्या पेशंटला डॉक्टर घरी सोडतील का? आकडा लपवलात तर मुक्काम वाढणारच."

हेमाताईंनी मुकाट्याने सलाइनचा हात पुढे केला.

"अर्ध्या तासाने परत विचारते," असं म्हणून माया गेली, आणि खरंच परत आली. तोवर दुखणं तीनवर उतरलं होतं, आणि हेमाताई पोटाशी उशी धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

"घरी पण असंच खरं सांगायचं," माया म्हणाली. "आणि काका, डॉक्टर सांगेपर्यंत यांनी जड उचलायचं नाही. डबा तुम्हीच करा. कपबशी मात्र चालेल हं, काकू."

"आमच्या वेळी नव्हते असले लाड," देवयानीताई पुटपुटल्या.

"ताई, तुझ्या वेळी मी बाहेर बसलेलो," श्रीपादराव म्हणाले. "तू सिस्टरचा पदर धरून आई आई करत होतीस."

दुसऱ्या दिवशी हेमाताई खरोखर घरी आल्या आणि पोटाशी उशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. देवयानीताई चकचकीत तव्यावर भावासाठी घावन घालत होत्या. उलथन्याचा खरखर आवाज बराच वेळ येत राहिला.

"ताई, शून्य ते दहा, किती चिकटतंय?"

"शून्य!" देवयानीताई म्हणाल्या आणि हसल्या.

हेमाताईंनी नणंदेच्या कपाळावरचा घाम पाहिला, उलथनं धरलेली मूठ पाहिली.

"जरा उलटून दाखवा बघू."

घावनाचा एक तुकडा उलटला. बाकीचे तव्यालाच राहिले.

"नऊ," देवयानीताई हळूच म्हणाल्या.

हेमाताईंना हसू आवरेना. उशी पोटाशी दाबून त्या पोटभर हसल्या, आणि दुखलं तरी हसल्या.

"अर्धा कांदा घ्या, तेलात बुडवा आणि तव्याला चोळत राहा," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाने परत विचारते."