बिऱ्हाडामागं बांधलेल्या दोन सायकली

दोरीची गाठ मारण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा अख्ख्या कोल्हापुरात कुणी नाही! आमचे आजोबा गुळाची गाडी अशी बांधायचे, की एक वेळ बैल सुटतील, पण गुळाची एक ढेप जागची हलायची नाही. त्यामुळं अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात जोतीरामनं जेव्हा विचारलं, "नरसू, ह्या सायकली न्यायच्या कशा रं?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "ते माझ्यावर सोड!"

जोतीराम माझा शाळेपासूनचा दोस्त. उद्यमनगरात त्याचं वर्कशॉप. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं चित्र बघून त्यानं जीपच्या मागं जोडायचं एक चाकांवरचं घर तयार केलं होतं. तो त्याला 'कॅम्पिंग ट्रेलर' म्हणायचा. आत झोपायला फळ्या, एक स्टोव्ह, पाण्याची घागर आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा. बाहेरून मात्र पोलिसांच्या गाडीचं एखाद्या देवघराशी लग्न लावावं आणि त्यांना हे पोर व्हावं, असं दिसायचं!

आता सायकली कशाला? तर माझ्या बायकोपायी. कालिंदीला जूनपासून गडमुडशिंगीच्या शाळेत नोकरी लागली होती. तिकडची एस.टी. अशी, की ती कधी येते हे कुणालाच ठाऊक नसायचं, ती गेली एवढंच कळायचं! हेडमास्तरांनी बजावलं होतं, "बाई, वेळेवर येणार असाल तरच या." म्हणजे सायकल शिकणं भाग होतं. मंगळवार पेठेत आम्ही एकदा प्रयत्न करून बघितला. गल्लीतली झाडून सगळी दारं उघडली! कुणी पोळपाट हातात घेऊन आलं, कुणी अर्धी दाढी करून आलं. कालिंदी सायकल रस्त्यात टाकून तडक घरात शिरली.

"जिथं बघायला काळं कुत्रं नसेल तिथंच मी शिकीन," ती म्हणाली. "नाहीतर नोकरी नको म्हणून कळवून टाका." पण ती नोकरी तिला किती हवी होती, ते मला ठाऊक होतं.

जोतीराम म्हणाला, "वहिनी, कोडोलीच्या पुढं वारणेकाठी एक माळ हाय. चिटपाखरू फिरकत न्हाई. दोन दिवस तिथंच मुक्काम करू. माझ्या ट्रेलरची पण चाचणी हुईल."

ठरलं! प्रश्न राहिला तो माझी सायकल आणि भाड्यानं आणलेली लेडीज सायकल न्यायचा. आत ठेवाव्यात तर आम्ही झोपायचं कुठं? टपावर टाकाव्यात तर रस्त्यावरच्या वडांच्या फांद्या त्या मधल्यामध्ये उचलून घेणार. शेवटी मी दोन्ही सायकली ट्रेलरच्या मागच्या बाजूला उभ्या लावल्या आणि काथ्याची दोरी ओली करून अशा गाठी आवळल्या, की वाळल्यावर त्यांचा दगड व्हावा! जोतीरामनं सायकली हलवून बघितल्या. ट्रेलर हलला, सायकली हलल्या नाहीत. मी मिशीवरनं हात फिरवला.

रस्त्यानं मजा मजा! वाऱ्यानं सायकलींची चाकं गरगरा फिरत होती आणि प्रत्येक खड्ड्याला घंटी वाजत होती. जीप पुढं गेली म्हणून बैलगाडीवाले रस्त्याच्या मध्ये यायचे, तर मागनं 'ट्रिंग ट्रिंग'! बिचारे परत बाजूला व्हायचे, आणि मग सायकली माणसांशिवाय निघाल्यात हे बघून कपाळाला हात लावायचे.

कोडोलीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. भूक लागली. थालीपीठं, दही, पाणी, सगळं ट्रेलरमध्ये. मी उतरून मागं गेलो आणि जागच्या जागी थिजलो.

ट्रेलरचं दार मागच्या बाजूला होतं!

आणि दारावर दोन सायकली, माझ्या गाठींसकट. मी नखं लावली, दात लावले. गाठ सुटायच्या ऐवजी माझी दाढ सुटायला आली!

गावात जत्रा भरली होती, त्यामुळं तोवर भोवती गर्दी झाली होती. जो तो ट्रेलरला हात लावून बघत होता.

"आत कोण असंल?"

"पडदा हाय. बाळंतीण असणार!"

"बाळंतिणीला कुणी बाहीरनं सायकली बांधून कोंडतंय व्हय?"

एवढ्यात गर्दी फोडून एक फेटेवाले गृहस्थ आले. हंबीरराव, जत्रा कमिटीचे पुढारी. त्यांनी सायकली बघितल्या आणि मला कडकडून मिठीच मारली.

"आलासा बाबा एकदाचं! कालधरनं वाट बघतोय, पावणं!"

मला वाटलं, काय ही माणसं! ओळख ना पाळख, आणि वाट बघतात!

"किती दिसांचा बेत?" त्यांनी विचारलं.

"दोन दिवसांचा."

त्यांचा चेहरा पडला. "दोनच? गेल्या सालचा सात दिस व्हता की!"

"आम्हाला नोकऱ्या आहेत हो!"

"बरं, दोन तर दोन. पर झोपाय खाली उतरणार न्हाईसा नव्हं?"

"म्हणजे? मग काय सायकलीवर झोपू?"

"गेल्या सालचा झोपायचा की! आंघूळ, दाढी, जेवाण, समदं वरच!"

असा कोण विलक्षण माणूस असेल, याचं मला भलतंच कुतूहल वाटलं. मी आणखी काही विचारणार, तोवर त्यांनीच विचारलं, "सायकल चालवणार कोण? तुमी?"

"छे छे! मला येते. ही चालवणार आहे," मी जीपमध्ये बसलेल्या कालिंदीकडं बोट दाखवलं.

हंबीररावांचे डोळे बशीएवढे झाले. "बाई?" आणि ते मांडवाकडं धावतच सुटले. पुढच्याच क्षणी कर्णा ओरडला, "मंडळी, ऐका! खेळवाला आला! औंदा बाई सायकल चालवणार! बाई!"

चहाच्या टपरीवर गेलेला जोतीराम घाबराघुबरा होऊन परत आला. "नरसू, घोळ झाला! जत्रेत रातंदिस सायकल चालवायचा खेळ करणारा यायचा हाय. ह्यांनी आपल्यालाच त्यो समजलंय!"

आता पळावं, तर जीपपुढं माणूस, मागं माणूस, बॉनेटवर माणूस! गोठ्यातलं माणूस गोठा सोडून आलं, हजामापुढचं गिऱ्हाईक गळ्यातल्या कापडासकट आलं. जिथं काळं कुत्रं नसेल तिथं शिकायचं म्हणून आलेली माझी बायको पदर तोंडाला लावून बसली होती, आणि काळ्या कुत्र्यांसकट अख्खी जत्रा तिच्याकडं बघत होती.

"मी माफी मागतो आणि सगळं सांगून टाकतो," मी म्हणालो.

"तुम्ही आता काही सांगू नका," कालिंदी म्हणाली. ती खाली उतरली, सरळ मांडवात गेली आणि तिनं माईक हातात घेतला. "मी खेळवाली नाही. मला सायकल येत नाही. नोकरीला जायचंय म्हणून शिकायचीय. कुणी बघू नये म्हणून इतक्या लांब आले होते."

हंबीररावांचा फेटासुद्धा सैल झाल्यासारखा वाटला. मी मनातल्या मनात पळायचा रस्ता शोधू लागलो.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी, चिमणाबाई तिचं नाव, कमरेवर हात ठेवून उठली. "मग शिक की पोरी! आमास्नी तरी दुसरं काय काम हाय? खेळवाला काय आईच्या पोटातनं शिकून आल्ता?"

असा हशा पिकला म्हणता! चिमणाबाईनं कमरेचा विळा काढला आणि एका फटक्यात माझ्या गाठी कापून टाकल्या. आजोबा वरून बघत असतील या विचारानं मी मान खाली घातली.

खेळासाठी आखलेलं गोल मैदान तयारच होतं. कालिंदीनं पदर खोचला. मी मागनं सीट धरली. कर्ण्यावरनं हंबीरराव सुरू झाले, "बाईंनी टांग टाकली! बाई निघाल्या! बाई... अरारारा, बाई पडल्या! उठल्या! टाळ्या!"

अख्खं गाव मास्तर झालं! "म्होरं बघा!" "हँडल ढिल्लं सोडा!" "पायाकडं बघू नगा!" पडली की लोक हळहळायचे, उठली की शिट्ट्या. आणि कधीतरी, कोण जाणे कसं, माझ्या हातातली सीट निसटली आणि कालिंदी एकटीच पुढं गेली! तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. लग्नातसुद्धा ती इतकी खुललेली मी बघितली नव्हती.

एक फेरी झाली. दुसरी झाली. लोक टाळ्या वाजवून दमले, तरी ही आपली फिरतेच आहे!

"वा, बाई थांबाय तयार न्हाईत!" कर्णा गरजला.

माझ्याजवळनं जाताना कालिंदी पुटपुटली, "अहो, उतरायचं कसं?"

मी तिच्यामागं पळत सुटलो. "ब्रेक दाब, ब्रेक!"

पुढच्या फेरीला उत्तर आलं, "ब्रेक कुठला?"

मी सांगेपर्यंत ती लांब जायची. शेवटी चिमणाबाईनं बायकांना हाळी दिली, त्यांनी कडब्याच्या पेंढ्या आणून वाटेत रचल्या, आणि कालिंदी सायकलीसकट त्यात अलगद जाऊन विसावली. केसांत कडबा, कोपर खरचटलेलं, आणि हसू मावत नव्हतं! बायकांनी तिची ओटी भरली. चिमणाबाई म्हणाली, "आता साळंत जा टेचात!"

एवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण हंबीररावांनी माईक माझ्याकडं वळवला. "पावणं, आता तुमी! तुमास्नी तर येतीया म्हणं!"

येते म्हणजे? पंधरा वर्षं मी सायकलवरनं ऑफिसला जात होतो! मी ऐटीत टांग मारली, आणि नेमकी तेव्हाच माझी नजर गर्दीवर गेली. बाप रे! ते हजारो डोळे माझ्यावर! हँडल डावीकडं गेलं, मी उजवीकडं गेलो, सायकल सरळ मांडवाच्या खांबावर, आणि वरचा कर्णा धाडकन माझ्या मांडीवर!

दिवसभरातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या मला मिळाल्या. माणसं पोट धरून लोळत होती. चिमणाबाईला तर चक्क उचकी लागली.

हंबीररावांनी डोळे पुसत पुसत मला उठवलं, माझी धूळ झटकली आणि खांद्यावर हात ठेवून अगदी मनापासून म्हणाले, "पावणं, सायकल चालवणारं लई आलं, पर असं पडणारं आजवर कुणी आलं न्हाई. फुडल्या जत्रंला बाई न्हाई आल्या तरी चालंल. तुमी तेवढं या!"

रजा मिळाली तर बघतो, एवढंच म्हणालो मी.