वेफर्सच्या पाकिटातला सूर्य

चहाला उकळी फुटायच्या बेतात असताना गॅस संपला, एवढंच निमित्त झालं. हेमाली दुसरा सिलिंडर ओढून आणेपर्यंत अल्पेश ओट्याशी नुसता उभा होता. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. सकाळचे पावणेआठ, तरी मान भाजत होती. अल्पेशने मान चोळली, बाहेर बघितलं आणि त्याला एकदम वाटलं, हे एवढं ऊन रोज फुकट जातंय आणि आपण इथे एका चहाला मोताद!

"हेमाली," तो म्हणाला, "यापुढे आपल्या घरात दुपारचा स्वयंपाक सूर्यावर."

"आधी लायटर द्या," हेमाली म्हणाली.

अल्पेश पेणच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. माणूस सरळ, पण मनात एखादी गोष्ट घेतली की घरादाराला त्यात ओढायचा. प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून त्याने कोलंबी कापडी पिशवीतून आणली होती (आणि बाजारापासून घरापर्यंत गावातली सगळी मांजरंही). साबणाचं पाणी खाडीत जाऊ नये म्हणून आठवडाभर सगळे कपडे रिठ्यात धुतले, तेव्हा साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

पण त्याचा सगळ्यात महाग पडलेला पराक्रम तीन वर्षांपूर्वीचा. वास्तुशांतीला त्याने थर्माकोलच्या ताटांना बंदी घातली आणि केळीची पानं मांडली. बेत चांगला होता. पण हेमालीच्या आईच्या वाट्याला आलेलं पान मधोमध फाटकं निघालं आणि कढत आमटी थेट तिच्या नव्या लुगड्यात गेली. वर अल्पेश म्हणाला, "काळजी करू नका, आमटी पूर्ण नैसर्गिक आहे." सासूबाई त्याच पावली माणगावला परत गेल्या, त्या तीन वर्षं आल्या नाहीत. हेमाली हे बोलून दाखवत नसे. फक्त सणासुदीला फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ फोनकडेच बघत बसायची.

सूर्यावर स्वयंपाक म्हणजे विकतची सोलर शेगडी आणता आली असती. पण नवी वस्तू विकत घेणं अल्पेशच्या तत्त्वात बसेना. बंद पडलेल्या केबलवाल्याच्या गच्चीत डिश अँटेनाची जुनी लोखंडी छत्री गंजत पडली होती, चांगली आठ फुटांची. ती त्याने टेम्पोत घालून आणली. आता तिला आतून चकचकीत करायला काय लावावं? उत्तर कचेरीतच सापडलं. वेफर्सचं पाकीट उलटं केलं की आतून चांदीसारखं असतं! महिनाभर कचेरीतला जो तो फाइलबरोबर एक रिकामं पाकीटही त्याच्या टेबलावर ठेवू लागला. अल्पेशने ती धुतली, कापली, खळ लावून छत्रीत चिकटवली. मधोमध, जिथे पूर्वी केबलवाल्याचं यंत्र असे, तिथे वेल्डरकडून लोखंडी कडं बसवून घेतलं. त्यात टोप अडकवायचा.

छत्री गच्चीवर उभी राहिली तेव्हा तिला मसाल्याचा वास येत होता आणि मुंग्यांची रांग लागली होती.

"लोकांकडे सोलर येतं," हेमाली म्हणाली, "आपल्याकडे वेफर्स आले."

पण पुढच्या रविवारी भर दुपारी अल्पेशने छत्रीचं तोंड सूर्याकडे केलं आणि कड्यात जुनं वर्तमानपत्र धरलं. कागदावर आधी एक तपकिरी ठिपका आला. मग बारीक धूर. आणि मग कागद पेटला. काडी नाही, ठिणगी नाही, साधा आवाजसुद्धा नाही. कोट्यवधी मैलांवरून आलेलं ऊन बटाटा वेफर्सच्या पाकिटांवरून उडी मारून त्याच्या हातातल्या कागदाला लागलं होतं. अल्पेशच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने कागद टाकला आणि नकळत हात जोडले. (उजव्या हाताला चटका बसलाय हे त्यानंतर कळलं.)

त्याची आई, सोनूबाई, जिन्याच्या दारात उभी राहून हे बघत होती. सोनूबाईंची चाळीस वर्षं मिठागरात गेलेली. उन्हाने माणूस रापतो म्हणतात, पण त्यांच्याकडे बघून वाटे की ऊनच त्यांच्यापाशी येऊन रापलं असेल. त्यांनी छत्री बघितली, वर आभाळ बघितलं आणि मग छत्रीवरून गेलेली नायलॉनची दोरी बघितली. त्या दोरीवर पावसाळ्यासाठी बोंबील वाळत होते.

"ती दोरी काढ," त्या म्हणाल्या.

"आई, ऊन टोपाच्या बुडाला लागणार. दोरीचा काय संबंध?"

"आनि ह्याला फिरवनार कोन?"

"फिरवायचं कशाला?"

"सूर्य फिरतो, तवा ह्याला नको फिरवाला?"

"आई," अल्पेश समजुतीने म्हणाला, "सूर्य फिरत नाही. पृथ्वी फिरते."

"मंग तिला सांग थांबाला," सोनूबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

त्यानंतर आठवड्याने माणगावहून फोन आला. हेमालीचा मोठा भाऊ हर्षद आईला घेऊन सोमवारी जेवायला येणार होता. हर्षदचे उरणला चार ट्रेलर चालतात. त्यातल्या एकाचं काम पेणमध्ये होतं आणि आई म्हणाली, मलाही ने. एवढंच. हेमालीने फोन ठेवला आणि पदराने डोळे पुसत लगेच वाल भिजत घातले. आई सोमवारी मासळी-मटण असलं वशाट खात नाही, तेव्हा वालाच्या बिरड्याची खिचडी, जी तिच्या आईला जीव की प्राण.

"आणि हे बघा," ती अल्पेशला म्हणाली, "खिचडी गॅसवर. छत्री-बित्री काय ती दुसऱ्या दिवशी."

"अगदी," अल्पेश म्हणाला.

आणि तो खोटं बोलत नव्हता. फक्त रविवारी संध्याकाळी शेजारचा दिपेश धावत आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीची हळद होती, सिलिंडर कमी पडत होता. "आम्हाला काय, सूर्य आहे," असं म्हणून अल्पेशने भरलेला सिलिंडर त्याच्या खांद्यावर ठेवला. हेमालीला सांगायचं राहून गेलं. (अशा गोष्टी राहून जातात त्या कशा, यावर अल्पेशला पुढे बराच विचार करावा लागला.)

सोमवारी त्याने किरकोळ रजा टाकली होती. सकाळी साडेदहाला हेमालीने खिचडीची फोडणी दिली, वाल परतले, तांदूळ घातले, आधणाचं पाणी ओतलं आणि शेगडीने फुस्स करून मान टाकली.

"दुसरा लावा," हेमाली म्हणाली.

अल्पेश हलला नाही.

"अहो, दुसरा लावा!"

"दुसरा," अल्पेश म्हणाला, "हळदीला गेलाय."

हेमाली ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. हातात कालथा तसाच. "तीन वर्षांनी येतेय माझी आई," एवढंच म्हणाली.

अल्पेशने दिपेशकडे धाव घेतली. तिथे त्याच्या सिलिंडरवर शंभर माणसांचा भात रटरटत होता. तो काढून मागायची त्याची छाती झाली नाही. परत येऊन त्याने टोप उचलला, गच्चीवर नेला, छत्री सूर्याकडे केली आणि टोप कड्यात अडकवला. पाचच मिनिटांत पाण्याला कढ आला. अल्पेशने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला.

तो पाहुण्यांच्या स्वागताला गेला. सासूबाई उतरल्या, हेमालीच्या गळ्यात पडल्या, दोघी रडल्या. जावयाकडे त्यांनी बघितलं आणि लुगड्याचा पदर सावरून घेतला. अल्पेशने सरबत दिलं. मग सूर्याविषयी बोलायला सुरुवात केली. किती ऊन रोज वाया जातं, किती लाकूड वाचेल, किती धूर वाचेल. त्याला वाटत होतं आपण दहा मिनिटं बोललो. झाला होता पाऊण तास.

"दाजी," हर्षद एकदम नाक वर करून म्हणाला, "एक नंबर वास येतोय. आज तर सोमवार आहे ना?"

सगळ्या घरात भाजलेल्या सुक्या बोंबलांचा घमघमाट सुटला होता.

अल्पेश दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला. मागोमाग हर्षद, त्याच्यामागे सासूबाई आणि हेमाली. गच्चीवरचं दृश्य असं: सूर्य त्याच्या वाटेने पुढे गेला होता आणि त्या मानाने ऊन टोपावरून घसरून हातभर पलीकडच्या नायलॉनच्या दोरीवर गेलं होतं. दोरी वितळून तुटली होती. तुटक्या टोकाला लोंबकळत उरलेले बोंबील उन्हाच्या त्या ठिपक्यात चटचट भाजत होते आणि बाकीची माळ छत्रीत पसरली होती. दोन कावळे कठड्यावर बसून विचार करत होते. टोप गार पडत चालला होता.

हर्षदने सगळं शांतपणे बघून घेतलं. "दाजी, बोंबील भाजायला एवढी मोठी छत्री?"

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "सोमवारी!" त्या म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

हेमालीने अल्पेशकडे बघितलं. त्या नजरेपुढे त्याला पहिल्यांदाच कळलं की हा प्रयोग नव्हता. तीन वर्षांपासून दारात उभी असलेली एक गोष्ट आज आत येत होती आणि त्याने तिच्या तोंडावर दार लोटलं होतं.

"थांबा विहीणबाई," सोनूबाई म्हणाल्या. त्या कधी वर आल्या कोणाला कळलंच नाही. "टोपाला झाकन व्हतं. आत काय पडलं न्हाय. आर्ध्या तासात जेवाला बसू."

त्यांनी बोंबील गोळा करून कोपऱ्यात टाकले, ओल्या फडक्याने छत्री पुसली आणि कंबर कसली. मग उजवा हात लांब करून सूर्याखाली दोन बोटं आडवी धरली, एक डोळा मिटला आणि छत्रीला एका हाताने वीतभर ढकललं. टोपाच्या काळ्या बुडावर उन्हाचा पांढरा गोळा येऊन बसला. बसला म्हणजे बसलाच. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा बोटं धरली, पुन्हा तसूभर ढकललं. त्यांना घड्याळ लागत नव्हतं. त्यांचं सगळं अंगच उन्हाच्या बाजूने हळूहळू फिरत होतं, जसं झाड फिरतं.

"मिठागरात असंच," त्या कोणाकडे न बघता म्हणाल्या. "सकाळी वाफ्यात नुसतं खारं पानी. दुपारी त्याच्यावर साय धरते. त्या सायीला हात लावाचा न्हाय, बोलाचं सुदिक न्हाय. उतरत्या उन्हाला बगशील तं पांढरं मीठ. कुनी केलं? आमी तं नुसती वाट दिली. केलं त्यानं."

टोपातून आधी बारीक सूं असा आवाज आला, मग झाकण थरथरलं. खाली जाळ नव्हता, धूर नव्हता, राख नव्हती. चार ट्रेलरचा मालक हर्षद वाकून टोपाखाली बघत होता, तिथे काहीच नाही म्हणून पुन्हा बघत होता. वाफेबरोबर वालाचा तो तुरट-गोड वास आला, आणि जिन्याच्या तोंडाशी थांबलेल्या सासूबाई परत फिरल्या. त्या टोपाजवळ आल्या, वर सूर्याकडे बघवेना म्हणून खाली छत्रीत बघितलं. तिथेही सूर्यच होता, शंभर तुकड्यांत. त्यांनी हात जोडले.

"ह्याला म्हनतात रांधनं," त्या पुटपुटल्या.

अल्पेशने आयुष्यभर आईच्या हाताला मिठाने पडलेल्या चिरा बघितल्या होत्या, पण त्या हातांना आभाळ वाचता येतं हे त्याच्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. त्याने शिकवायला घेतलेली गोष्ट त्याच्या घरात चाळीस वर्षं बसलेली होती आणि रोज त्याला जेवायला वाढत होती.

खिचडी पाऊण वाजता उतरली. दाणा अन् दाणा मोकळा, वाल लोण्यासारखे. सासूबाईंनी तीनदा मागून घेतली. मग हेमालीला जवळ घेऊन म्हणाल्या, "जावयाचं काय ते ऱ्हाऊ दे. सासू तुला लाखात एक मिळाली." आणि पुढच्या महिन्यात आठ दिवस राहायला यायचं कबूल केलं. हेमाली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःशीच हसत होती. एकदा तर चुकून अल्पेशकडे बघूनही हसली.

बातमी गावभर झाली. आता रोज दुपारी गल्लीतल्या बायका आपापले टोप घेऊन सोनूबाईंकडे गच्चीवर येतात. आज कोणाची आमटी, उद्या कोणाची उसळ. सोनूबाई दोन बोटं धरतात, छत्री ढकलतात आणि बायका हात जोडतात. हर्षदने ट्रेलरवाल्यांसाठी अशीच छत्री बनवायला घेतली आणि सल्ला विचारायला फोन केला. अल्पेशने उचलला, तर तो म्हणाला, "दाजी, जरा जाणत्या माणसाला द्या."

या सगळ्यात आपलाही काही वाटा असावा, असं अल्पेशला फार वाटायचं. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तो वर गेला आणि आईला ऊन लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर पावसाळी छत्री धरून उभा राहिला. बायका कौतुकाने बघू लागल्या. अल्पेशचा ऊर भरून आला.

सोनूबाईंनी टोपाचं झाकण उचललं, आत बघितलं, मग वर बघितलं.

"कवापासून शिजंना, तवाच म्हनलं," त्या म्हणाल्या. "अल्पेश, तू खाली जा रं. तुजी सावली पडते."