चिमणी परत आणू या

अच्युतरावांची अडचण एकच होती. निसर्गावर बोलायला माणसं मिळत होती, ऐकायला मिळत नव्हती.

जुन्या इंदूरमधल्या समाजभवनात ते दर रविवारी सकाळी 'घर आणि निसर्ग' ही व्याख्यानमाला चालवत. बँकेतून निवृत्त झालेला माणूस एरवी नातवंडं खेळवतो किंवा शेजाऱ्यांशी भांडतो. अच्युतरावांनी व्याख्यानमाला काढली आणि तिच्यावर पोटच्या लेकरासारखा जीव लावला. मागच्या खेपेचा विषय होता माळव्यातल्या मातीच्या भिंती आणि त्यांचा गारवा. श्रोते म्हणून शारदाबाई होत्या, कारण त्या अच्युतरावांच्या पत्नी होत्या, आणि चौकीदार होता, कारण किल्ली त्याच्याकडे होती. चौकीदाराला तो गारवा इतका पटला की तो व्याख्यान संपेपर्यंत घोरत होता.

त्याच संध्याकाळी भवनाचे सचिव तुकोजीराव घरी आले. मिशांना पीळ देत म्हणाले, "अच्युतजी, वाईट वाटून घेऊ नका. झुंबावाल्या मॅडम रविवार मागून राहिल्यात. या खेपेला हॉल भरला तर ठीक, नाही तर रविवार त्यांचा."

"म्हणजे निसर्ग बंद करून तिथं नाचायचं?"

"नाचतात तरी. तुमच्याकडे तर कोणी हलत पण नाही."

अच्युतरावांना रात्रभर झोप लागली नाही. पुढचं व्याख्यान त्यांच्या फार लाडक्या विषयावर होतं. पुण्याच्या अरुंधतीताई चिमण्यांचा अभ्यास करत, आणि घर बांधतानाच भिंतीत चिमणीसाठी जागा कशी ठेवावी, हे गवंड्यांना शिकवत फिरत. अशा बाईंसमोर रिकाम्या खुर्च्या ठेवायच्या म्हणजे इंदूरचं नाक कापलं जायचं. सकाळी त्यांनी पुतण्या पीयूषला फोन लावला. पीयूषचा फ्लेक्स छापायचा धंदा होता.

"विषय लिहून घे. 'घरातली चिमणी परत आणू या.' खाली हिंदीतही टाक, म्हणजे सगळा मोहल्ला येईल. आणि चिमणीचं एक छानसं चित्र."

"होऊन जाईल काका. टेंशनच नका घेऊ."

अच्युतरावांनी टेंशन घेतलं नाही, ही त्यांची पहिली चूक. पीयूषनं फ्लेक्सचा फोटो पाठवला, तोही फक्त वरच्या मराठी ओळीचा, कारण काका चुका काढतात त्या मराठीत, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. अच्युतरावांनी चष्मा लावून 'चिमणी'तला 'ण' नीट आहे ना, एवढं पाहिलं आणि 'उत्तम' असं कळवलं. ही दुसरी.

रविवारी सकाळी अरुंधतीताईंना घेऊन ते रिक्षातून उतरले आणि फाटकाशीच थबकले. भवनासमोर रांग लागली होती. बायका, पुरुष, म्हातारेकोतारे, स्कूटरवर जोडीनं आलेले. प्रत्येकाच्या हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बोचकं होतं. अच्युतरावांचे डोळे भरून आले.

"ताई, बघा," ते म्हणाले, "लोकांनी घरटी करून आणलीत."

"एवढी मोठी?" अरुंधतीताईंनी विचारलं.

एवढ्यात पुढच्या गृहस्थांच्या हातातली चादर घसरली आणि आतून स्वयंपाकघरात गॅसच्या वर बसवतात ती धूर ओढणारी चिमणी बाहेर आली. तिच्या कडेवरून काळपट तेलाचा थेंब अच्युतरावांच्या धुतलेल्या चपलेवर पडला. मागच्या बाईंनी विचारलं, "भाईसाब, पुरानी कहाँ रखनी है? और नई आज ही मिलेगी क्या?"

अच्युतरावांनी मान वर करून फ्लेक्स पाहिला. मराठी ओळीतला 'ण' निर्दोष होता. त्याखाली चकचकीत स्टीलच्या चिमणीचं चित्र होतं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'घर की पुरानी चिमनी वापस लाइए. प्रवेश निःशुल्क.' पीयूष शेजारीच उभा राहून गर्दीचे फोटो काढत होता.

"पीयूष, हे काय आहे?"

"काय झालं काका? तुम्हीच तर बोललात, चिमणी."

"अरे, चिमणी म्हणजे पक्षी."

"पक्षी? त्याला तर चिऊ म्हणतात ना? आजी तर चिऊच म्हणायची."

अच्युतरावांनी तो मुद्दा सोडून दिला. पीयूषची आजी म्हणजे त्यांचीच आई. "बरं, पण ते 'पुरानी' कुठून आलं?"

"परत आणायची म्हणजे जुनीच असणार. नवी कोण परत करेल?"

गर्दी तोवर आत शिरून खुर्च्यांवर बसलीही होती. प्रत्येकानं आपापली चिमणी पायाशी ठेवली होती आणि फरशीवर तेलाचे ओघळ एकमेकांना भेटायला निघाले होते. तुकोजीराव दारात उभे राहून कौतुकानं मान हलवत होते. "मानलं अच्युतजी, भोत भारी. थांबा, मी झुंबावाल्या मॅडमना घेऊनच येतो. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे त्यांना, निसर्ग काय चीज आहे." आणि ते स्कूटर काढून गेलेसुद्धा.

अच्युतराव माइकसमोर आले. खरं सांगितलं तर हॉल रिकामा होणार होता आणि रविवार कायमचा जाणार होता. खोटं सांगायची सवय त्यांना बँकेतही लागली नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि सांगून टाकलं, की ही चिमणी म्हणजे गौरैया. ती घरातून गेली आहे, तिला परत आणायचं आहे. बदलून काहीच मिळणार नाही.

हॉलमध्ये खुर्च्या सरकू लागल्या. एक आजोबा म्हणाले, "पाइप उतारने में कमर गई मेरी." लोक चादरी गुंडाळू लागले. तेवढ्यात मागच्या दारातून शारदाबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "व्याख्यानानंतर पोहे-जलेबी आहे."

इंदुरात हे शब्द कानावर आल्यावर उठून जाणारा माणूस अजून जन्मायचा आहे. चादरी पुन्हा खाली ठेवल्या गेल्या. शारदाबाईंनी पीयूषच्या कानात सांगितलं, "पोहे आपल्या घरच्यापुरतेच आहेत. पळ, कोपऱ्यावरून परातच उचलून आण."

अरुंधतीताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांचं मराठी पुण्याचं, त्यातून समोर नाराज माणसं. पण त्या गोड बोलत होत्या. चिमणीला झाड लागत नाही, तिला आपलं घर लागतं, असं त्या सांगत होत्या आणि मध्येच थांबल्या. तिसऱ्या रांगेतून आवाज येत होता. चीं चीं चीं.

तिसऱ्या रांगेतले उदयसिंह संकोचून उभे राहिले. बडा गणपती मंदिराकडे राहणारा धिप्पाड गडी. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे मिशीवरूनच कळायचं. "माफ करा मॅडम. ही माझी आहे. बेअरिंग गेलंय हिचं."

"पण ती तर बंद आहे."

"तीच तर कंप्लेंट आहे ना. बंद असली तरी वाजून राहिली. मेकॅनिक बोलला, बेअरिंग गेलं, चालू नका करू, शॉक बसेल. कित्येक दिवस हातच नाही लावला. आज बोर्ड पाहिला, तर पाइपासकट उतरवून आणली."

अरुंधतीताई व्यासपीठावरून उतरल्या. त्या तेलकट फरशीवर खुशाल गुडघे टेकून त्यांनी मोबाइलचा उजेड पाइपात टाकला आणि म्हणाल्या, "बेअरिंग नाही हो. पिल्लं आहेत."

सगळा हॉल उठून तिसऱ्या रांगेकडे धावला. पाइपात गवताचा गुंता होता, त्यात जुन्या लोकरीसारखे काही धागे, आणि मधोमध तीन पिवळ्या चोची आ वासून बसलेल्या. पाइप उतरवताना कंबर धरलेले आजोबा खुर्चीवर चढून बघत होते.

"यांची आई कुठे आहे?" उदयसिंहांनी विचारलं.

"तुमच्या घरी. भिंतीला भोक आहे आणि पाइप नाही, म्हणून शोधत असेल."

उदयसिंहांचा चेहरा पडला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज चिरकला. "म्हणजे मी त्या बिचारीचं घरच उचलून आणलं. मॅडम, आता?"

"लगेच परत लावलंत तर येईल ती. चिमणी परत न्या."

पोह्यांची परात घेऊन आलेला पीयूष हळूच म्हणाला, "काका, फ्लेक्सवर 'वापस ले जाइए' करू का?" अच्युतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं परात शारदाबाईंकडे दिली.

मग वरात निघाली. पुढे ई-रिक्षात पाइप मांडीवर घेऊन अरुंधतीताई, शेजारी चिमणी कवटाळून उदयसिंह, मागे स्कूटरवर सगळे श्रोते, आणि सर्वांत शेवटी परात सांभाळत शारदाबाई. ज्यानं त्यानं सकाळीच घरची चिमणी उतरवलेली असल्यामुळे पेचकस आणि पक्कड प्रत्येकाच्या खिशात होती. बडा गणपतीच्या गल्लीत चिमणी इतक्या झटपट बसली की मेकॅनिक असता तर लाजला असता.

मग सगळी गल्ली श्वास रोखून उभी राहिली. विजेच्या तारेवर एक चिमणी बसली होती. तिच्या चोचीत अळी होती. ती या तारेवरून त्या तारेवर गेली, गर्दीकडे संशयानं पाहिलं, आणि भुर्रकन पाइपात शिरली. उदयसिंहांनी डोळे पुसले. "पिल्लं उडेपर्यंत आमच्या घरी तळण बंद," त्यांनी जाहीर केलं. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आणि नंतर पण."

उरलेलं व्याख्यान अरुंधतीताईंनी उदयसिंहांच्या ओट्यावर बसून, हातात पोह्यांचं ताट घेऊन दिलं. भिंतीत विटेएवढी जागा कुठं आणि कशी सोडायची, हे लोकांनी फिरून फिरून विचारलं. इतकं मन लावून कुणी आपल्या पाहुण्यांना ऐकताना अच्युतरावांनी कधी पाहिलं नव्हतं. ते सुखावले, आणि मग त्यांना हॉल आठवला.

ते धापा टाकत भवनात पोचले. तुकोजीराव दारातच उभे होते. आत एकही माणूस नव्हता. खुर्च्यांसमोर ओळीनं चिमण्या बसल्या होत्या आणि ठिबकत होत्या.

"अच्युतजी, माणसं कुठं आहेत?"

"चिमणी पोचवायला गेली."

तुकोजीरावांनी कपाळाला हात लावला. अच्युतरावांनी धीर करून विचारलं, "मग रविवार झुंबाला दिलात?"

"कसला झुंबा? मॅडम आल्या, फरशीवर एक पाय ठेवला, तो पाय भलतीकडेच गेला. बोलल्या, इथं नाचणं सोडा, उभं पण राहता येत नाही." तुकोजीरावांनी तेलकट फरशीकडे खिन्नपणे पाहिलं. "आता इथं नुसतं बसूनच राहावं लागेल. तुम्हीच घ्या रविवार. पण या चिमण्यांचं काय?"

"लोक येतील न्यायला. पुढच्या रविवारी," अच्युतराव म्हणाले, "व्याख्यानानंतर."

संध्याकाळी पीयूषचा फोन आला. पोरगं शहाणं झालं होतं, आता शब्द विचारून घेत होतं. "काका, पुढचा विषय अंगणातल्या बोराच्या झाडावर आहे ना? मग हिंदीत मी 'बेर' लिहितो. 'आंगन का बोर बचाइए' लिहिलं, तर लोक बोरिंग समजतील. आधीच सगळ्यांच्या बोरिंगचं पाणी खाली गेलंय, पूर्ण इंदूर येऊन जाईल."

शब्दांच्या शुद्धतेसाठी अच्युतरावांनी आयुष्यभर माणसं तोडली होती.

"पीयूष," ते म्हणाले, "तू 'बोर'च लिही."