प्रदर्शन हॉलची तपासणी

आमच्या शेजारच्या नानांकडे जेवायला गेलात, तर प्रत्येक भाकरी आधी उजेडाकडे धरली जाते. काठ फाटलेला असला की नाना म्हणतात, "रिवर्क," आणि ती मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतात.

चाकणच्या एका कंपनीत माल तपासता तपासता ते निवृत्त झाले. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. खिशात फट मोजायच्या पोलादी पट्ट्या आणि खराब मालावर फुली मारायचा लाल खडू. चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टवर, जिन्यावर, एकदा तर अध्यक्षांच्या नव्या गाडीवरही फुली उमटली. माफीनामा मी लिहिला. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी; असली कामं माझ्याकडेच येतात, आणि मी ती झकास करते.

नानांनी पोटच्या मुलालाही फुली मारली. सुनीलने कंपनी सोडून सुतारकाम धरलं, तेव्हा एकच शब्द, "रिजेक्ट." तो वेगळा राहायला गेला. चार वर्षं बोलणं नाही.

परवा रविवारी नाना दारात. "पोरी, बागेतला जुना प्रदर्शन हॉल नीट केलाय म्हणं. चल, बघून येऊ."

"तिथला कठडा सुनीलनं केलाय ना?"

"मला काय म्हाईत? मी बिल्डिंग बघाय चाललोय."

हॉल खरंच देखणा झालाय. उंच कमानी, रंगीत काचा, एके काळी इथे यंत्रं मांडायचे त्यांचे फोटो. लोक सेल्फी काढत होते, नाना बिजागऱ्या मोजत होते. "दार घासतंय. फरशी खचलीय. ह्यो गिलावा हाय का शिरा?" चार फुल्या मारून झाल्यावर पहारेकरी धावला. "काका, खडू आत ठेवा!"

मग माडीचा जिना आला. सागवानी कठडा. नाना आधी लांबच थांबले. मग खालच्या अंगाने तळवा फिरवत वरपर्यंत गेले. एका सांध्यात पट्टी घातली. ती शिरली.

"अर्धा मिलिमीटर."

झालं, मी मनात म्हटलं.

"चालतंय. लाकूड हाय, पावसाळ्यात फुगंल."

नानांच्या तोंडून 'चालतंय' मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी खिसा चाचपून दुसरा खडू काढला. हिरवा. अख्खा, टोकही न झिजलेला. वाकून कठड्याच्या खालच्या बाजूला बारीकशी बरोबरची खूण केली.

"तिथं कोण बघणार, नाना?"

"दर पावसाळ्याआधी पॉलिशला येणार हाय त्यो. खालनं हात फिरवल्याबिगर काम सुरू न्हाई करायचा. म्याच शिकवलंय."

आणि ह्यांना काही माहीत नव्हतं!

तेवढ्यात पहारेकरी ओलं फडकं घेऊन आला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेले नाना त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"भाऊ, लाल सगळ्या पुसा. ही एवढी ऱ्हाऊ द्या."