नाहीतर श्रद्धांजली

भागवत सरांनी पारनेरच्या शाळेत जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं होतं. त्यामुळे निवृत्तीनंतर हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्याच धड्यात ‘जर’, ‘तर’, ‘आणि’, ‘किंवा’ समोर आले, तेव्हा ते नाराजच झाले. “ही साधी उभयान्वयी अव्ययं. ही मला यंत्र शिकवणार?” असं त्यांनी सुनेला, आरतीला, सुनावलं.

आरती घरून कॉम्प्युटर कंपनीचं काम करायची. ती म्हणाली, “पप्पा, काही पाठवायच्या आधी मला दाखवा.” सरांना हे अपमानास्पद वाटलं.

पेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सर सचिव होते. हयात सभासदाला वाढदिवसाला शुभेच्छा आणि दिवंगताच्या घरच्यांना त्याच्या जन्मतारखेला श्रद्धांजली, असे मेसेज आपोआप जावेत म्हणून त्यांनी लिहिलं : जर आज वाढदिवस असेल आणि सभासद हयात असेल, तर शुभेच्छा, नाहीतर श्रद्धांजली. वाक्य निर्दोष होतं. सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि बटण दाबलं.

तासाभरात सभासद भिमाजी दारात. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, आवाज अजून घाटातला. “सर, मी मेलो ते मला तरी सांगायचं हुतं.”

सरांनी त्याचा मोबाईल पाहिला. ‘मनमिळाऊ, परोपकारी, दुसऱ्याच्या सुखदुःखात धावून जाणारे आपले भिमाजी आपल्यातून गेले. पेठ पोरकी झाली. भावपूर्ण श्रद्धांजली.’

“जामखेडला लेकीलाबी गेलंय हे. जावयानं टेम्पो काढलाय, समदे रडत निघालेत.”

“मग तिला फोन कर की.”

“केला. ती म्हनती, बाबांचा मोबाईल कुनी घेतलाय, लाज वाटत न्हाई का.”

तेवढ्यात मंडळातल्याच बनुबाई आल्या. “माझ्या दारात बाया जमल्यात, सर. शेजारनीनं पिठलं-भाकरी आनली, घरात चूल पेटली नसंल म्हनून. खाल्ली म्या. पन अपमान त्यो अपमान.”

आरतीनं आधी भिमाजीला कॅमेऱ्यासमोर बसवून त्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तेव्हा कुठं टेम्पो मागे फिरला. मग तिनं प्रोग्रॅम उघडला. “पप्पा, ‘आणि’ म्हटल्यावर दोन्ही गोष्टी खऱ्या लागतात. ज्याचा आज वाढदिवस नाही, तो प्रत्येकजण ‘नाहीतर’मध्ये गेला.”

“वाढदिवस नाही म्हणून माणूस मरतो का?” सर उसळले. “पाचवीतल्या पोराला कळलं असतं हे.”

“पोराला कळलं असतं. याला तुम्ही लिहाल तेवढंच कळतं.”

“म्हणजे सगळं मंडळ गेलं?”

“कमरुद्दीनचाचा सोडून. त्यांचा आज वाढदिवस आहे.”

एकजण तरी वाचला म्हणून सरांना जरा हायसं वाटलं. एवढ्यात कमरुद्दीनच आले. पेठेतले जुने टेलर, बोलायला मऊ. पण आज ते बसायलाही तयार नव्हते.

“सर, हा भिमाजी मनमिळाऊ?”

“म्हंजे?” भिमाजी म्हणाला.

“आन् बनुबाई परोपकारी? पेठेत जो तो आपापली श्रद्धांजली वाचून दाखवतोय. आन् मला काय? ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा.’ संपलं. सगळ्या पेठेचे कपडे शिवले मी.”

“पन चाचा, तुमी जित्ते हाय ना,” बनुबाई म्हणाल्या.

“त्यात माझी काय चूक?”

 सर म्हणाले, “मी आत्ताच सगळ्यांना कळवतो, मजकूर रद्द समजावा.”

भिमाजी मघापासून मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तो वर न बघता म्हणाला, “रद्द कशाला? मेलो न्हाई, तेवढं दुरुस्त करा. बाकीचं ऱ्हाऊ द्या.”

बनुबाईंनीही मान हलवली.

सरांनी मग यंत्र बाजूला ठेवलं आणि कमरुद्दीनसाठी तोच मजकूर, जाण्याबिण्याचं वगळून, स्वतःच्या हातानं टाईप करून पाठवला. कमरुद्दीननी तो तिथंच वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि ते घरी गेले.

घरी त्यांची बायको जरीना लसूण सोलत होती. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी आवाज लावून सुरुवात केली, “मनमिळाऊ, परोपकारी, दुसऱ्याच्या सुखदुःखात धावून जाणारे…”

जरीनानं हातातला लसूण खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, “अल्ला बख्शे. कोण वारलं?”