पुढची सीट भरलेली हाय

मन्मथअप्पांनी छत उघडणारी लाल परदेशी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी मिस्त्रीला बोलावून त्या छताची वायर कापायला लावली. बटण दाबलं की कापडी छत हळूच पुढं येऊन बसायचं. मिस्त्री रडकुंडीला आला. "अप्पा, या बटणासाठी तर लोक ही गाडी घेतात!"

"मी वाऱ्यासाठी घेतली. काप तू," अप्पा म्हणाले.

लातूरचा मे महिना ज्यानं काढला नाही, त्याला यातला अपराध कळायचा नाही. दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि आमच्या शेजारचे हे साठी ओलांडलेले डाळीचे व्यापारी पांढरं धोतर, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, डोक्याला ओला रुमाल अशा थाटात औसा रोडनं तीसच्या वेगानं चाललेले असतात. मागून ट्रक बोंबलतात. अप्पा बाजूला होत नाहीत. "पाऊस आला तर काय कराल?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं.

"भिजून मेलेला मानूस दाव मला."

त्याहून मोठं कोडं म्हणजे घमेलं. ड्रायव्हरशेजारच्या मऊ कातडी सीटवर एक जुनं, काठ वाकलेलं लोखंडी घमेलं असायचं. नुसतं ठेवलेलं नाही, पट्टा लावून बसवलेलं. आमदाराच्या मेव्हण्यानं एकदा त्या सीटवर बसायला दार उघडलं, तर अप्पा म्हणाले, "मागं बसा. पुढची सीट भरलेली हाय." तो बिचारा मागं बसून रेणापूरपर्यंत गेला. गारपिटीत मात्र अप्पांनी तेच घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि टणटण आवाज करत घरी आले. आम्ही सगळे गॅलरीत उभं राहून पोट धरून हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, आता लाज वाटते.

गाडीखालोखाल त्यांचा जीव घराच्या विम्यात. स्वतःच्याच नव्हे, कुणाच्याही. कॉलनीत पॉलिसी आली की आधी अप्पांकडे जायची. ते ती मागून वाचायला सुरुवात करत. "पयलं पान मंजी सोयरीक. समदं ग्वाड ग्वाड. नांदणं कसं व्हनार ते मागच्या पानावर." मग बारीक अक्षरावर बोट ठेवून एकेक अपवाद मोठ्यानं वाचत, आणि विमावाल्याला विचारत, "हे बी न्हाई, ते बी न्हाई, मग हाय काय?" एक विमावाला तर अप्पा दिसले की गाडी वळवून दुसऱ्या गल्लीनं जायचा.

आणि शेवटचा प्रश्न घरमालकाला: "वर काय वाढवलं?"

या प्रश्नाची मला धास्ती होती, कारण मी वाढवलं होतं. लातुरात घर वाढतं ते वरच्या दिशेनं. बाहेरगावची पोरं शिकायला येतात, त्यांना खोल्या लागतात. मीही गच्चीवर एक खोली काढली, त्यावर पाण्याची टाकी चढवली. शाळामास्तर झालो म्हणून काय झालं!

गेल्या उन्हाळ्यात अप्पांचा पुतण्या शिवराज नांदेडहून आला. अप्पा एकटेच राहतात, बारा महिने अंगणात बाजेवर झोपतात. मूलबाळ नाही. त्यांना आपल्या फ्लॅटवर न्यायचं आणि गाडी विकायची, असं त्यानं ठरवलं होतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं होतं. "सर, अप्पा तुमचं ऐकतील, जरा समजावा," असं म्हणून त्यानं मला पुढं केलं. मलाही पटलं होतं. म्हातारपणी उन्हातान्हात हा कसला हट्ट?

मी विषय काढताच अप्पा उसळले. "नांदेडला येकदा गेलतो. तेवढं बस झालं. मास्तर, तुम्ही आधी तुमची पॉलिसी आना."

आणली. अप्पांनी मागचं पान काढलं. "विमा काढल्यावर वाढवलेलं बांधकाम यात धरत न्हाईत. तुमची वरची खोली यात हाय का?"

"नाही."

"टाकी?"

"नाही."

"आन् खाली कोन झोपतं?"

"मी आणि ही," मी म्हणालो. अप्पांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि बराच वेळ माझ्या गच्चीकडं बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. समजवायला गेलो आणि चोर ठरलो.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. गाडी पाहून खूश झालं. त्याला बसून बघता यावं म्हणून शिवराजनं पट्टा सोडला आणि घमेलं उचलून रस्त्याकडेला ठेवलं.

"उचल ते!" अप्पा असे ओरडले की समोरचा पानवाला बाहेर आला. "गाडी इकायची न्हाई. कुनाच्या बापाला बी न्हाई!"

"अप्पा, घमेल्यासाठी भांडून राहिलात तुम्ही!" शिवराजही तापला. गिऱ्हाइकानं काढता पाय घेतला. अप्पा घमेलं घेऊन पायरीवर बसले. मग बोलले ते माझ्याकडं न बघता.

"आमचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. माळवदाचं घर. दरसाल पावसाळ्याच्या आधी वर पांढरी माती टाकायची, मंजी गळत न्हाई. आज्यानं टाकली, बापानं टाकली, थरावर थर. लग्नाचं पयलं वरीस व्हतं. ती म्हनली, माजघरात गळतंय. मी मन लावून टाकली. दुप्पट टाकली. ह्याच घमेल्यानं. ती खालून भरून द्यायची."

त्यांनी घमेलं मांडीवर घेतलं. "भूकंप झाला तवा मी उडीद घेऊन नांदेडच्या मोंढ्यात व्हतो. परत आलो तर माती तेवढी व्हती."

शिवराज खाली बसला. त्याला हे ठाऊक नव्हतं. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "म्हून तुम्हाला छताची भीती वाटते, अप्पा?"

अप्पांनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज करडा.

"भ्या? भ्यालो असतो तर मोटार कशाला घेतली असती? वरातीला औशाहून उघडी जीप आनलती. वाऱ्यानं पदर उडाला तरी तिनं धरला न्हाई. गाव येईस्तोवर हसत व्हती. म्हनली, आपुन अशी गाडी घेऊ." त्यांनी घमेल्याच्या काठावरची धूळ उपरण्यानं पुसली. "घेतली."

पुतण्याची बाजू मी तिथंच सोडली.

शिवराज उठला. घमेलं त्यानं दोन्ही हातांनी उचलून सीटवर ठेवलं. "अप्पा, औशापर्यंत चक्कर मारू या का?"

"आत्ता? ऊन बघ केवढं हाय."

"असू द्या."

अप्पांनी रुमाल भिजवून डोक्याला बांधला. आम्ही दोघं मागं बसलो. अप्पांनी वाकून घमेल्याचा पट्टा लावला, एकदा ओढून पाहिला आणि मग गाडी सुरू केली.