सातचा पाढा मुरतोय

आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गापुढून जाताना चपला हातात घ्याव्या लागतात. आत देव नाही, सोनकांबळे सर असतात. एकदा मी विसरून टाचा वाजवल्या, तर ते ओठांवर बोट ठेवून दारात आले. मागं सगळा वर्ग सतरंजीवर गाढ झोपलेला. म्हणाले, "हळू मॅडम, सातचा पाढा मुरून राहिलाय."

सरांचं म्हणणं असं, की घोकलेला पाढा डोक्यात टिकत नाही. तो लोणच्यासारखा मुरावा लागतो, आणि मेंदूत मुरायचं काम झोपेतच होतं. हे ज्ञान त्यांनी लातूरच्या प्रशिक्षणातून आणलं. मेंदू कसा शिकतो, हाच तिथला विषय होता. मीही होते तिथं. झोपेचं मला काही आठवत नव्हतं, पण जेवणानंतर माझा डोळा लागला होता. तेव्हाच सांगितलं असेल, असं मी धरून चालले.

बाकीचं मी जागेपणी ऐकलं होतं. गणित अंगानं शिकवा, असं तिथं सांगितलं. सरांनी ते फारच अंगाला लावून घेतलं. बेरजेला ते पुढं चालतात, वजाबाकीला मागं. आपल्या किती रजा उरल्या ते काढताना मागं मागं जात ते शाळेच्या माठावर बसले. माठ फुटला. भिजल्या पँटनं उभं राहून त्यांनी उत्तर सांगितलं, आणि ते बरोबर होतं. भागाकाराच्या दिवशी पोरं चारी कोपऱ्यांत सारखी वाटली गेली आणि उरलेलं एक, बाकी म्हणून, मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवलं गेलं.

परवा मुदखेडहून तपासणीला साहेब यायचे होते. मुख्याध्यापकांनी सरांना बजावलं, आज वर्गात कुणी झोपलं तर तिसरी तुमच्याकडून काढून घेईन. सर "हाव" म्हणाले आणि पडलेल्या चेहऱ्यानं वर्गात गेले. वर्ग म्हणजे त्या माणसाचा जीव.

साहेब आले. पोरं ताठ बसलेली. माझा वर्ग शेजारचाच, म्हणून मी दारातून बघत होते. पाढा सुरू झाला आणि मधल्या रांगेतल्या शबानाची मान कलली. पोरं खुसूखुसू हसायला लागली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

सरांनी खडू ठेवला आणि साहेबांच्या बुटांपाशी ते सरळ सतरंजीवर आडवे झाले. "चला पोरांनो, मुरायची वेळ झाली."

सगळी तिसरी धपाधप आडवी झाली. साहेब आधी गार पडले, मग तापले. शबानाकडे बोट करून म्हणाले, हिला उठवा, काय मुरलंय ते बघतो.

सर आडवे तसेच, हळू आवाजात बोलले. "दुसऱ्या कुणालाबी उठवा साहेब, तिला न्हाई. तिची माय पहाटच्या गाडीनं नांदेडला धुण्याभांड्याला जाती. तवापासून शाळा भरंपर्यंत तान्ह्या भावाला हीच सांभाळती. एकलीच झोपली की पोरं हासतेत. शाळाच सोडली व्हती तिनं."

लातूरला झोपेबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी वाकून बूट काढले, हातात घेतले आणि पाय न वाजवता माझ्यापाशी आले. कुजबुजत विचारलं, "किती वेळ लागतो मुरायला?"

"तिची झोप होईपर्यंत, साहेब," मी म्हटलं.